किनाऱ्यावरच्या गावाचं संग्रहालय: तोफा सोडून काय मांडाल?

कौलारू
आमचं गाव सिंधुदुर्गातलं, खाडीच्या तोंडावरचं, एके काळचं बंदर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण संग्रहालय समितीतले निम्मे लोक या मंचावर वाचनमात्र असतात.

जुन्या वाचनालयाच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या आहेत आणि तिथे गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय करायचं ठरलंय. समितीची यादी अशी: फायबरच्या दोन तोफा, आरमाराचं मोठं चित्र, ढाल-तलवारी (या भाड्याने मिळतात म्हणे) आणि दारावर थर्मोकोलचा बुरूज. खरा बुरूज खिडकीतून दिसतो, ही गोष्ट मी सभेत मांडली तर माझ्याकडे असं बघितलं गेलं की मी इतिहासद्रोही आहे.

माझं मत सरळ आहे. किल्ला बाहेर उभा आहे, तो तिथे जाऊन बघावा. आत ते असावं जे बाहेर आता दिसत नाही. बोट लागायची ते बंदर, मिठागरं, सुताची जाळी, कौलांची गलबतं, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी. आमच्याकडे हे सगळं होतं, आणि ज्यांनी बघितलंय ती माणसं आता नव्वदीकडे झुकली आहेत.

तुम्ही दोन खोल्यांत काय मांडाल? कुठे चांगलं (किंवा वाईट) बघितलं असेल तर तेही लिहा.

टिवल्याबावल्या
भाड्याच्या तलवारींखाली परत करायच्या तारखेची पाटी लावा. अख्ख्या संग्रहालयात तेवढाच अस्सल दस्तऐवज असेल.

दर्यावर्दी_०७
वाचनखूण साठवली. वाचतोय.

सुरमई_फ्राय
तोफांना एवढी नावं ठेवू नका हो. शाळेची सहल आली की पोरं पहिली तोफेकडे धावतात, जाळ्याकडे नाही. आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ मराठा किल्ले गेले त्यातले चार आपल्या पाण्यातले आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आत्ता कुठे जगाचं लक्ष गेलंय, आणि तुम्ही म्हणता किल्ला नको, मीठ दाखवा!

कौलारू
@सुरमई_फ्राय, किल्ला नको असं नाही म्हणत. फायबरचा नको म्हणतोय. आणि किल्ला दाखवायचाच तर तो बांधला कोणी, चुना कुठून आला, गलबतांवर वल्ही मारायला कोण होतं, तेही यावं. भिंतीवरच्या चित्रात फक्त तलवार उगारलेला एक जण दिसतो, बाकीची माणसं समुद्रात पडल्यासारखी गायब.

खाडीकाठची
मी एक आख्खी भिंत बोटीला देईन. आमच्या पिढीतल्या पोरांना 'बोट लागली' म्हणजे उलटी झाली एवढंच कळतं.

मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत गोव्याकडे जायची. बहुतेक ठिकाणी धक्क्याला लागण्याइतकं पाणीच नसे. ती बाहेर उभी राही, भोंगा देई, आणि किनाऱ्यावरून पडाव (माणसं-सामान नेणाऱ्या होड्या) सुटत. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा. माझी आत्या सांगायची, नऊवारीतल्या बायका, कडेवर पोर, डोक्यावर फणसाची पाटी, आणि वरून खलाशी ओरडतोय 'हात सोडा, हात सोडा'. सामान आधी की माणूस आधी यावरून भांडणं. आणि पावसाळ्यात हे सगळं बंद. मे महिन्याच्या शेवटी गेलेली बोट, ती थेट पाऊस सरल्यावरच परत. मधले महिने मुंबईतला मुलगा आणि गावातली आई यांच्यात फक्त पोस्ट.

मांडायचं म्हटलं तर काय मिळेल? पत्र्याची ट्रंक (नाव आणि बंदर रंगवलेली), वळकटी, तिकिटं कुणी ठेवली असतील तर तिकिटं. आणि पडावाच्या तांडेलाच्या (होडीवरच्या मुख्य नावाड्याच्या) घरी जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, हे आधी करा. ट्रंक अजून वीस वर्षं माळ्यावर टिकेल.

'रामदास' विसरू नका. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, सहाशेवर माणसं गेली. रेवसचा फेरा जवळचा म्हणून तेवढा पावसातही चाले. स्वातंत्र्याच्या महिनाभर आधीची गोष्ट असल्यामुळे पुढच्या धामधुमीत ती दबली. रायगडातल्या किती घरांत अजून त्या तारखेला काही ना काही पाळतात.

दर्यावर्दी_०७
खाडीकाठची, शिडीचं वर्णन वाचून पोटात गोळा आला. 'हात सोडा' ही पाटी त्या भिंतीवर हवीच.

गाबताचो_झील
ता सगळा बरा, पण रापण खय आसा? आमच्या आज्याच्या वेळेक रापण लागली काय अख्खो वाडो वडूक जाय. होडी जाळा घेवन अर्धो चंद्र मारून येय, मगे दोनय दोरयेक माणसा लागत. मुंबयसून इल्लो पावणो पण हात लावी नि चार बांगडे घेवन घराक जाय.

आता पुणेकरांसाठी शुद्ध भाषेत. रापण म्हणजे एका मालकाचं जाळं नव्हे. प्रत्येक घर आपापला तुकडा आणायचं, ते सगळे जोडले की रापण. म्हणून वाटा जाळ्याच्या तुकड्यावर, होडीवर आणि ओढणाऱ्या हातावर असा पडायचा. विधवेच्या घरचा तुकडा असेल तर तिलाही वाटा, ती किनाऱ्यावर आली नाही तरी. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं मी आजवर बघितलं नाही. सगळीकडे जाळं आपलं छताला टांगतात, मध्ये दोन काचेचे गोळे आणि प्लॅस्टिकचा खेकडा, म्हणजे हॉटेलच वाटतं.

नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची असत. झाडाच्या सालीचा काढा मोठ्या भांड्यात उकळून त्यात ती बुडवायची, नाहीतर खाऱ्या पाण्यात महिन्या-दोन महिन्यांत कुजत. ते भांडं आमच्या मांगरात अजून आहे. त्यात सध्या कोंबड्या अंडी घालतात.

आणि शेवटच्या पाटीवर पर्ससीनही (यांत्रिक होडीवरून मासळीच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) लिहा. रापण आपोआप नाही गेली. मासा किनाऱ्यापर्यंत येण्याआधीच बाहेर उचलला गेला म्हणून गेली. समिती घाबरेल, पण लिहा.

सुरमई_फ्राय
वाट्याचा हिशोब माहीत नव्हता. तरी माझी तोफ कायम.

चष्मिस
रत्नागिरीचा थिबा राजवाडा कोणी आणला नाही अजून? शासकीय संग्रहालय त्यातच आहे. ब्रह्मदेशाचा (आताच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला, १९१० मध्ये हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. शेवटचा मोगल बादशहा रंगूनमध्ये गाडला गेला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा कोकणात, ही अदलाबदल एकाच सरकारने केली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले, तेव्हा रत्नागिरीतल्याच कित्येकांना समाधी कुठे आहे ते पहिल्यांदा कळलं.

मला तिथली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती थोरल्या राजकन्येची. राजवाड्यावरच्या दरवानाशी तिचं जुळलं, मुलगी झाली, आणि ती मुलगी पुढे याच शहरात मराठी बोलत संसार करून गेली. राजाच्या खुर्चीपेक्षा हे मला जास्त रत्नागिरीचं वाटतं.

थेट_बोला
असहमत. थिबा म्हणजे ब्रिटिशांनी आपल्या गळ्यात मारलेला पाहुणा. त्याचा रत्नागिरीच्या वारशाशी काय संबंध? टिळक १८५६ मध्ये तिथे जन्मले. सावरकर १९२४ ते १९३७ तिथे स्थानबद्ध होते. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी पदरच्या पैशाने पतितपावन मंदिर उभं केलं, जिथे सगळ्या जातींना प्रवेश. हा खरा वारसा. पर्यटक मात्र विचारतो, 'थिबा पॅलेस किधर है?'

चष्मिस
@थेट_बोला, सावरकरांनाही सरकारनेच तिथे ठेवलं होतं की! मुद्दा हाच आहे. नकोशी माणसं ठेवायला रत्नागिरीच का? कारण घाटातून रस्ता अवघड, जायची खरी वाट समुद्राची, आणि तीही पावसात बंद. वर खाडीकाठचीने लिहिलेला बोटीचा मुद्दा आणि राजाचा मुद्दा एकच आहे. मी संग्रहालय करत असतो तर बोटीच्या वेळापत्रकाशेजारी राजाचा फोटो लावला असता आणि त्याच भिंतीवर स्थानबद्धतेचा हुकूम.

थेट_बोला
हं. हुकुमाची भिंत चालेल. खुर्ची नको.

नभोमंडळ
पाट्यांवरून आठवलं. काहीही मांडा, पण पाटीवर खोटं लिहू नका. कोकणातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण विजयदुर्ग. तिथे किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत आणि सर्रास सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने त्या ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला.

त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, त्यावरून हेलियमची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना. लॉकियर विजयदुर्गला खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांना मदतीला घेऊन. तोवर हेलियम प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षं झाली होती.

गिर्येकर
आलात का! दरवर्षी १८ ऑगस्टला आम्ही गावात हेलियम दिन साजरा करतो, शाळेची मुलं येतात, दुर्बिणी लागतात, व्याख्यानं होतात. या निमित्ताने खेड्यातल्या पोराला वर्णपट म्हणजे काय ते कळतं. तुम्ही ते मोडून काय मिळवणार?

नभोमंडळ
मोडा कोण म्हणतंय? दिवस साजरा करा, मी स्वतः दुर्बीण घेऊन येईन. पण १८९८ ची गोष्ट काय कमी आहे? जगातला एक नामवंत खगोलशास्त्रज्ञ बोटीने विजयदुर्गला उतरतो, युद्धनौकेच्या खलाशांना दुर्बिणी आणि घड्याळं वाटून देतो, तालमी घेतो, आणि मग दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी सगळे श्वास रोखून बसतात. मुलांना हे सांगा. आणि त्याशेजारी लिहा की शोध कसा लागला, कुठे लागला. पोरांना खरं पेलतं.

गिर्येकर
खलाशांच्या तालमीचं मला माहीत नव्हतं. ते घेईन. पण गावात कोणी 'शोध इथे नाही लागला' म्हणाला की पुढचा प्रश्न 'तू कुठल्या पक्षाचा?' असा येतो, हेही लक्षात घ्या.

आणि विजयदुर्ग म्हणजे फक्त ओटे नव्हेत. १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले तेव्हा तुळाजी आंग्रेंचं आरमार इथेच जळालं, आणि त्यात पेशव्यांचा हात होता. पुढे १७८३ मध्ये मराठा आरमाराच्या आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. दुसरी गोष्ट सगळे सांगतात. पहिली सांगताना आवाज खाली येतो. गिर्येला वाघोटण खाडीत मराठ्यांची जहाजं दुरुस्त करायची गोदी कातळात खोदलेली आहे, तिथे मात्र चिटपाखरू नसतं.

टिवल्याबावल्या
हेलियममुळेच धागा सारखा वर येतोय बहुतेक.

पांढरा_कांदा
अलिबागकरांकडूनही एक. आमच्याकडे कुलाबा किल्ला सगळे बघतात, पण चुंबकीय वेधशाळेकडे कोणी वळत नाही. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. इमारतीत लोखंड वापरायचं नाही, दगडसुद्धा चुंबकीय नसलेला शोधून आणला, कड्या-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. तेव्हापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालू आहे. किनाऱ्यावरच्या गावाचा वारसा म्हणजे मासा आणि तोफ एवढंच नाही, हा माझा मुद्दा. तुमच्या गावात तार ऑफिस, दीपगृह, कस्टमचं नाकं, असं काही असेल तर तिथल्या नोंदवह्या बघा.

गंजरोधक
व्यवसायाने जतनाचं काम करतो, म्हणून थोडं कोरडं लिहितो.

खाऱ्या हवेत लोखंड ठेवणं हीच मुळात कटकट आहे. समुद्रातून किंवा वाळूतून निघालेल्या तोफेच्या आत क्षार मुरलेले असतात. ती उन्हात वाळवली की काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात, आणि वरून काळा ऑइलपेंट फासला तर आतलं पाणी आतच कोंडून अजून लवकर सडते. कोकणातल्या निम्म्या चौकातल्या तोफा अशाच मरत आहेत. पाण्यातून काही निघालं तर ते ओलंच ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

लाकडी होडीला याच्या उलट त्रास, ती पटकन सुकली की तडकते. पंख्याखाली आणि उन्हाच्या झोतात ठेवू नका. जुने फोटो लॅमिनेट करू नका, फेव्हिकॉलने चिकटवू नका, मूळ प्रत परत द्या आणि स्कॅन केलेली भिंतीवर लावा. लोक फोटो द्यायला घाबरतात ते याच कारणाने, परत मिळत नाहीत.

कायदाही बघा. जमिनीत पुरलेलं नाणं किंवा मौल्यवान काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. मूर्ती वगैरे कुणी हौसेने आणून दिली तर घेण्याआधी चौकशी करा.

आणि रजिस्टर. वस्तू दारातून आत येताच क्रमांक, कोणी दिली, कायमची की उसनी, कोण वापरत होतं, कशासाठी. देणाऱ्याची सही. मी एका संग्रहालयात (नाव घेत नाही) पितळी कंदिलांची रांग पाहिली, एकाखालीही कुठल्या घरचा, कुठल्या होडीवरचा काही नाही. विचारलं तर म्हणे, ज्यांना माहीत होतं ते निवृत्त झाले.

खाडीकाठची
रजिस्टरला दहा वेळा +१. नाहीतर पुढच्या निवडणुकीनंतर वस्तू कोणाच्या दिवाणखान्यात दिसतील सांगता येत नाही.

कातळवेडी
आणि ज्या वस्तू आणताच येत नाहीत त्यांचं काय? रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची (कातळी पठारांवरची) कातळशिल्पं बघा. जांभ्या दगडात कोरलेले हत्ती, मासे, माणसं. २०२२ मध्ये त्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं एक (कुडोपी) आणि गोव्यातलं एक अशी नऊ युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि फणसायमाळ. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, वरून फोटो घ्यावा लागतो. तुमच्या दोन खोल्यांत तो वरून घेतलेला फोटो आणि तिथे कसं जायचं याचा नकाशा पुरे. संग्रहालयाने माणसाला बाहेर हाकलावं, असं माझं मत.

सुरमई_फ्राय
निवतीजवळ नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं चाललंय, तिथे बाहेर नाही, खाली हाकलतील.

खाडीकाठची
कौलारू, तोफेवर एक विचार. आमच्या बंदरात धक्क्यावर एक तोफ उलटी पुरलेली आहे, तोंड जमिनीत, आणि तिला होड्यांच्या दोऱ्या बांधतात. तुमच्याकडेही असेल, किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी आहेत. ती उपटून आत आणू नका. तिथेच पाटी लावा: आधी किल्ल्यावर, नंतर धक्क्यावर, दोऱ्या घासून पडलेल्या खाचा बघा. सुरमई_फ्रायला तोफ मिळेल आणि होडीवाल्यांची गैरसोयही नाही.

गंजरोधक
पूर्ण सहमत. पुरलेली आहे तशी राहू द्या, फक्त रंग लावायचा उत्साह आवरा.

सुरमई_फ्राय
मान्य. खाचांवर बोट फिरवता येईल ना? मग मुलं येतील.

कौलारू
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल सभा झाली. थर्मोकोलचा बुरूज एका मताने पडला (मत माझंच). फायबरची एक तोफ राहणार, अध्यक्षांच्या भाच्याने आगाऊ पैसे दिलेत. धक्क्यावरच्या पुरलेल्या तोफेची पाटी मंजूर. पहिली खोली बोटीची. तांडेलांकडे शनिवारपासून जाऊन बसणार, फोन आणि वही घेऊन. मिठागराची अवजारं शिरोड्याकडच्या एका ओळखीच्या घरून उसनी मिळतील. १९३० चा मीठ सत्याग्रह तिथलाच, त्याची पाटी गावच्या निवृत्त गुरुजींकडून लिहून घेतोय आणि नभोमंडळना तपासायला पाठवतोय.

रापणीचा वाट्याचा तक्ता दुसऱ्या खोलीत. पर्ससीनच्या ओळीवर दीड तास वाद झाला, शेवटी 'यांत्रिक मासेमारी' असा शब्द ठेवून ती राहिली.

नवा प्रश्न. एका घराने त्यांची जुनी पात (लहान होडी) द्यायचं कबूल केलंय, उलंडीसकट (तोल सांभाळायला बाजूला बांधतात ते लाकूड). वाचनालयाचं दार साडेतीन फुटी आहे आणि आत गेल्या गेल्या जिना. कशी न्यायची?

गाबताचो_झील
उलंडी सोडा रे आधी! ती बांधलेलीच असता, दोरयेनच. मगे पात कुशीर घालून तिरकी घेवा. नाळ, म्हणजे पुढचा टोक, आधी वर, जिन्याच्या कठड्यावरसून. चार माणसा होयी, नि सूचना देणारो एकच.

चष्मिस
सूचना देणारा एकच असलेली चार माणसं तुमच्या गावात मिळतील?

गाबताचो_झील
नाय. म्हणान मी येतंय.

टिवल्याबावल्या
दार मोडलंच तर समितीला कळवू नका. तिथे लगेच बुरूज बांधतील.